आधी पेट्रोल, मग गणपती

आमच्या नातेवाइकांत मला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या घराण्यात सकाळी पाठीमागे बोललेलं संध्याकाळपर्यंत तोंडासमोर येतंच. माझी जुनी ओम्नी व्हॅन कायम टाकीच्या तळाशी चालते, मी कधीही कुठेही अडकते, असा त्यांचा समज. त्यांच्यातल्या एकालाही मोपाच्या सड्याखाली, म्हणजे कातळी पठाराच्या पायथ्याला, गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला राहून रोज गाडी हाकावी लागत नाही. म्हापशाच्या फ्लॅटमधून जिना उतरला की ज्यांना पंप दिसतो, त्यांनी मला पेट्रोलचं शहाणपण शिकवू नये.

माझं काम फिरतीचं. आतल्या गावांतल्या बायकांचे गट पापड, लोणची, आमसुलं, कोकमाचं आगळ करतात. ते मी गोळा करते आणि मांद्र्याच्या गेस्ट हाऊसांना, डिचोलीच्या दुकानांना पोचवते. आज सुर्ल्यात खाणीच्या लाल धुळीतून, उद्या मांद्र्याच्या वाळूतून. गाडी बंद म्हणजे मी बंद, आणि माझ्या मागे त्या सगळ्या बायकांच्या बरण्या बंद.

आमच्याकडे पेट्रोल मिळणं ही हवामानासारखी गोष्ट आहे, अंदाज करायचा आणि निघायचं. जवळचा म्हणायचा तो पंप इतका लांब, की टाकी भरून घरी येईतो तिच्यातलं बरंचसं जाण्यायेण्यातच संपलेलं असतं. त्यात गोव्यातलं पेट्रोल स्वस्त, म्हणून सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या गाड्या इकडे येऊन भरतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही आले असते. पण सणासुदीला मुंबईकर चाकरमानीही त्यांत मिसळतात, टँकर उशिरा येतो, आणि पंपावर दोरी बांधून पोरं खुर्चीत मोबाईल बघत बसतात. पूर्वी गावच्या पोसऱ्यावर, म्हणजे किराणा आणि बिस्किटं विकणाऱ्या दुकानावर, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळायचं. बाटल्या ओळीने दारातच मांडलेल्या असायच्या. मग पोलीस आले, बाटलीतलं पेट्रोल गुन्हा ठरलं. मान्य आहे, ते धोक्याचंच होतं. पण बाटल्या उचलून नेणाऱ्यांनी त्यांच्या जागी पंप काही आणून ठेवला नाही.

तेव्हा आपला हात जगन्नाथ. मी माझे नियम केले. काटा निम्म्यावर आला की टाकी रिकामी समजायची. दिसेल त्या पंपावर, भूक असो वा नसो, गाडीला खायला घालायचं. सगळे उतार पाठ ठेवायचे. आणि मागच्या सीटखाली घट्ट झाकणाचा भरलेला कॅन, त्याच्याशिवाय गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही. हे नियम केल्यापासून मी फक्त एकदा अडकले होते. पण ते एकदा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवशी होतं, आणि नातेवाइकांना तेवढं पुरलं.

नवरा होता तोवर गणपती तोच आणायचा. आमच्यात गणपती विकत आणत नाहीत, घरचा पाट नेऊन देतात. श्रावणात चांगला दिवस बघून डिचोलीच्या चित्रशाळेत पाट द्यायचा. तिथला मूर्तिकार त्याच पाटावर मातीचा गणपती घडवतो आणि चवथीच्या सकाळी आपण तो घेऊन यायचं. आमच्या घराण्याची त्यात आणखी एक रीत आहे. चित्रशाळेतून उचललेला गणपती घरच्या चौरंगाशिवाय कुठे टेकवायचा नाही, आणि वाटेत मागे फिरवायचा नाही. मांडीवर घेतला की पुढेच. नवरा गाडी चालवायचा, दीर मांडीवर गणपती घेऊन बसायचा, आणि मी दारात तांब्या घेऊन उभी असायची. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, मग त्याने उंबरा ओलांडायचा. पायांवर पाणी घालण्याचं काम माझं. इतकी वर्षं मी नवऱ्याच्या आणि दिराच्या पायांवर पाणी घातलं, कधी वाटलं नाही की ह्यात दुसरी बाजूही असते.

नवरा गेला. घरात उरलो मी आणि सासूबाई. पहिलं वर्ष सुतकात आणि रडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, गाडी मी चालवते, मी आणते. मी तोवर व्हॅन चालवायला शिकले होते, कारण कोणीतरी चालवायलाच हवी होती. येताना कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे टाकी संपली. तेव्हा माझे नियम व्हायचे होते. दीर त्याच्या नव्या गाडीतून आला, वाड्यातल्या ज्या पोराच्या मांडीवर गणपती होता तो तसाच गणपतीसकट त्याच्या गाडीत बसला, पूजेला उशीर झाला, भटजी रागावले. जेवताना दीर सगळ्यांदेखत म्हणाला, “वयनी, पुढल्या वर्सा परत गाडी रवली, तर गणपती आमी म्हापशाक नेतलंव. हंय तुमी दोघीच. पोरां थंय, माणसां थंय.”

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसाला उत्तर देता येतं. हा माणूस सणाला दोन पिशव्या भरून सामान आणतो, आईच्या गोळ्या आठवणीने आणतो, आणि त्याच सुरात माझ्या घरातला देव उचलून न्यायचं म्हणतो. गणपती म्हापशाला गेला असता तर सासूबाईही चवथीला तिकडेच गेल्या असत्या, आणि मग दिवाळीला, आणि मग कायमच्या. मी ह्या घरात सून म्हणून आले ती पहिल्या चवथीला सगळ्या वाड्यासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्यावरच खरी सून झाले. त्या दिवशी घर बंद राहिलं, की मी त्या घरातली कोण? घराला राखण बसवलेली बाई. सासूबाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, भाताची शितं निवडत बसल्या. त्यांचं गप्प बसणं होकार की नकार, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या चवथीची ही गोष्ट. पैज कोणी लावली नव्हती, पण ती लागलेली होती. मी श्रावणात पाट स्वतः नेऊन दिला. चवथीच्या आदल्या दिवशी पंपावर रांग लावून टाकीत जेमतेम पाच लिटर पेट्रोल पडलं, कारण त्या दिवशी पंपवाले सगळ्यांनाच थोडं थोडं देत होते. हरकत नव्हती. सीटखाली कॅन होता, भरलेला.

सकाळी गाडी धुतली. सासूबाई अंघोळ करून सोवळ्यात, हातात गोमूत्राची वाटी घेऊन गाडीत शिंपडायला आल्या. ह्या वर्षी गणपती मांडीवर त्या घेणार होत्या. दिराला मी बोलावलंच नव्हतं, तो परस्पर भटजींची वाट बघत घरी थांबणार होता. सासूबाईंनी सीटखाली वाकून बघितलं.

“ह्यो डबो भायर काढ.”

“आये, तो पेट्रोलाचो कॅन.”

“वास येता म्हणान तर सांगतंय. गणपती बसतलो थंय रॉकेलाचो वास?”

“तो नसल्यार गाडी वाटेत रवतली.”

“देवाच्या कामाक जाताव. रवाची नाय.”

हे दुसरं कोणी म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. पण सणाच्या सकाळी, ओल्या केसांनी उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईशी मी सोवळ्यावरून भांडावं का? आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, की देवाच्या कामाला जाताना इतका हिशोब बरा नव्हे. कॅन मी न्हाणीघराशेजारी ठेवला. किल्ली हातात घेतली. माझा नियम मीच मोडला, तो गोमूत्र शिंपडून.

जाताना सगळं सुरळीत. सडा चढलो, विमानतळाच्या रुंद रस्त्यावरून हायवेला लागलो, कोलवाळचा पूल ओलांडला. अस्नोड्यावरून डिचोलीला पोचलो, तेव्हा काटा खालच्या रेघेच्या थोडा वर होता. चित्रशाळेपासून हाकेच्या अंतरावर एक पंप चालू होता. चालू होता म्हणजे, रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. मी हिशेब केला. मूर्तिकाराने दिलेली वेळ झाली होती, तिथेही माणसांची गर्दी, आणि आपला गणपती उगाच लोकांच्या पायांत उभा. आधी गणपती घेऊ, मग परतीच्या वाटेवर पंप आहेतच. असं मला वाटलं. चवथीच्या सकाळी कुठल्याही गोवेकराला असंच वाटेल. देव आधी, मग पेट्रोल.

गणपती सुंदर होता. मातीचा, बसका, डोळे अगदी शांत. त्याच्या तोंडावर पांढरं वस्त्र घातलं, ‘मोरया’ म्हटलं आणि तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. पाटासकट चांगलाच जड. त्यांनी दोन्ही हातांनी पाट धरला आणि पाठ ताठ केली. त्यानंतर आम्ही घरी पोचेपर्यंत ती पाठ सीटला टेकलेली मी पाहिली नाही.

गाडी निघाली आणि निघता निघता मला कळलं, आपण काय करून बसलो. चित्रशाळेजवळचा पंप आता मागे होता. त्या बाजूला गाडी वळवणं म्हणजे गणपती मागे फिरवणं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी समोर बघितलं.

पुढच्या पंपावर दोरी. त्याच्यापुढच्यावर डिझेल होतं, पेट्रोल नव्हतं. हायवेवरच्या पंपावर ‘पेट्रोल नाही’ असा पुठ्ठा लावला होता आणि त्याच्या खाली कोणीतरी खडूने ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहिलं होतं. मी एसी कधीच लावत नाही, माझ्या गाडीला तो नाहीच. पण मी खिडक्यासुद्धा अर्ध्या वर केल्या, वारा कमी लागावा म्हणून. चढ आला की हळू, उतार आला की न्यूट्रल. सगळे उतार पाठ होते ते आज कामाला आले. पण सड्यावर चढायला लागतं, आणि चढाला उतार पाठ असून उपयोग नाही.

सड्यावर, विमानतळाचा चकचकीत रस्ता सोडून आमच्या गावाच्या आतल्या रस्त्याला लागलो, तिथे व्हॅन दोनदा खोकली आणि थांबली. सगळीकडे हिरवं, रस्त्याकडेला कमरेइतकं गवत, लांबवर चार-पाच घरं. वरून एक विमान उतरायला निघालं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. त्याच्या पोटात किती पेट्रोल असेल आणि त्यातलं एक मापटं मला मिळालं तर काय होईल, असा विचार मी केला आणि मला स्वतःचाच राग आला. विमानतळाला आमच्या सड्याची जमीन चालते, आमच्या गाड्यांना त्या सड्यावर एक बाटली पेट्रोल मिळत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दीर.

“वयनी, खंय पोचलात?”

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. “सड्यार. पेट्रोल संपला.”

तो हसला नाही, ह्याचं श्रेय मी त्याला देते. फक्त सुस्कारा टाकला, आणि तो हसण्यापेक्षा जास्त लागला. “थंयच रवा. मी येतंय गाडी घेवन. गणपती माझ्या गाडयेत घेवया आणि सरळ म्हापशाक जावया. भटजी थंयचोय मेळतलो. आता उगाच हट नाका.”

“येव नकात,” मी म्हटलं.

“वयनी...”

“येव नकात म्हणतंय. आमी येताव.” मी फोन बंद केला. तो येणारच, हे मला ठाऊक होतं. घरून सड्यावर यायला असा कितीसा वेळ? तो यायच्या आत माझी गाडी चालू व्हायला हवी होती. तो आला की मांडीवरचा गणपती परत त्याच्या गाडीत, आणि ह्या वेळी घरच्या वाटेला नाही.

“काय म्हणता तो?” सासूबाईंनी विचारलं.

“घेवक येता म्हणता. म्हापशाक.”

त्यांनी पाटाखालचा पाय जरा हलवला. पायाला मुंग्या आल्या असणार. “तू काय करतंस?”

खरं म्हणजे मी काय करणार ते मलाही माहीत नव्हतं. एका रिकाम्या खनिज-ट्रकवाल्याने गाडी हळू केली, सुर्ल्याच्या बाजूचा असावा, चवथीसाठी घरी चाललेला. त्याने पुढ्यात गणपती पाहून हात जोडले, काय झालं विचारलं, आणि म्हणाला डिझेल हवं तितकं देतो. माझ्या व्हॅनला डिझेलचा काय उपयोग? तो हळहळत गेला. त्याच्या ट्रकचा आवाज विरला आणि मला दुसरा एक आवाज ऐकू आला. घर्र, घर्र, थांबून परत घर्र. त्या चार-पाच घरांतल्या एका घरी कोणी तरी गवत कापायचं मशीन चालवत होतं.

चवथीच्या दिवशी सकाळी अंगण-वाट साफ करणारा माणूस आळशी असतो. सगळं गाव हे काम आठवडाभर आधी संपवतं. पण त्या आळशी माणसाला मी आजही मनातून नमस्कार करते. कारण ते मशीन पेट्रोलवर चालतं. आणि पावसाळ्यात आमच्याकडे असं घर विरळाच, जिथे ते मशीन पडवीत टांगलेलं नसतं.

“आये, तुमी धरून बसा. मी आयलंय.”

मी पळत गेले. साडीचा काठ गवतात भिजला, चप्पल चिखलात अडकली ती तशीच सोडली. अंगणात एक माणूस हाफ पँटमध्ये, गळ्यात मशीन अडकवून, घामाघूम. मी त्याला सगळं एका श्वासात सांगितलं. त्याने मशीन बंद केलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, रस्त्यावरच्या व्हॅनकडे बघितलं.

“ह्यात ऑईल घातला आसा हां,” तो म्हणाला. “गाडी धूर मारतली.”

“मारूंदे.”

त्याने टाकीचं झाकण फिरवलं आणि मशीन उलटं केलं. त्याच्या बायकोने खोबरेल तेलाचा रिकामा डबा आणला. डब्याच्या तळाला फार तर दोन बोटं पेट्रोल जमलं. तेवढ्याने गाडी खोकली असती, पण घराकडचा चढ चढली नसती. पण त्याची बायको माझ्याआधी शेजारच्या घराकडे निघाली होती. शेजारीण दारात रांगोळी काढत होती. तिचा नवरा बोटीवर, म्हणजे जहाजावर नोकरीला. तो सुट्टीत येतो तेव्हाच मशीन चालतं.

“कोणाच्या गणपतीक?” तिने विचारलं.

“आमच्या.”

तिने रांगोळीचे हात पदराला पुसून मशीन काढून आणलं आणि त्यात उरलेलं पेट्रोल डब्यात ओतलं. तिसऱ्या घरात मशीन नव्हतं, पण नरसाळं होतं. त्यांनी ते दिलं आणि घरातली म्हातारी माझ्या हातात एक दुर्वांची जुडीही देऊन गेली, जणू पेट्रोल आणि दुर्वा एकाच पूजेच्या सामानातल्या होत्या. चौथं घर म्हणजे पोसरो. दुकान चालवणारी बाई मला ओळखते, मी तिच्याकडे लोणची टाकते. पूर्वी तिच्या दारात बाटल्यांची ओळ असायची. पोलीस आले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली होती.

ती आत गेली आणि पदराखाली काही तरी घेऊन आली. पाण्याची बाटली, भरलेली, पिवळसर.

“ही माझ्या स्कूटराची. विकली तर गुन्हो,” ती म्हणाली. “गणपतीक दिली तर कोण काय म्हणतलो?”

मी परत पळत आले, अनवाणी. नरसाळं लावून डबा टाकीत उपडा केला, मग बाटली. थोडं माझ्या पायांवर सांडलं. गाडीत पेट्रोलचा वास भरला, त्यात तेलाचा वास, खोबरेलाचा वास. सकाळी ह्याच वासासाठी कॅन बाहेर गेला होता. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

“बघतंस काय?” त्याच म्हणाल्या. “तेची सोंड झाकलंय मी. ओत तू.”

खरोखरच त्यांनी वस्त्राची घडी गणपतीच्या सोंडेवर आणखी एकदा दुमडली होती. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि मागे असा निळा धूर निघाला, की चारही घरं दिसेनाशी झाली. धुरातून कोणी तरी ‘मोरया’ ओरडलं.

सड्यावरून आमच्या गावात उतरणारा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला डोंगराची कड, दुसऱ्या बाजूला खोल. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जाऊन वळणावरच्या रुंद जागेत उभं राहावं लागतं. पहिला उतार मी इंजिन बंद करून, नुसत्या ब्रेकवर उतरले, पेट्रोल पुढच्या चढासाठी ठेवून. वळण घेतलं आणि समोर दिराची गाडी. पांढरी, चकचकीत, आजच धुतलेली. त्याने हॉर्न वाजवला. मी थांबले.

रुंद जागा माझ्या मागे जवळच होती, त्याच्या मागे बरीच लांब. रीतीप्रमाणे, म्हणजे रस्त्याच्या रीतीप्रमाणे, मागे मी जायला हवं होतं. त्याने खिडकीतून हात काढून तशी खूण केली. मी सुद्धा खिडकीतून हात बाहेर काढला आणि शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे त्याची आई ताठ बसली होती, मांडीवर गणपती घेऊन.

तो गाडीतून उतरला. “वयनी, दोन मिनिटां मागे घेवा आणि मग गणपती हंय...”

“गणपती मागे वचना,” मी म्हटलं. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवायची गरजच नव्हती.

त्याने आईकडे बघितलं. आता ती काही तरी म्हणेल, मुलाची बाजू घेईल, असं त्याला वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. मघाशी म्हटलं तसं, ह्या बाईचं गप्प बसणं मला कधी कळलं नाही.

“तू मागे जातलंस,” सासूबाई म्हणाल्या. “हो जावचो नाय.”

तो गेला. उताराच्या अरुंद रस्त्यावर, कडेच्या दगडांना चकचकीत गाडी घासेल म्हणून मान वळवून वळवून, रिव्हर्समध्ये. मी परत किल्ली फिरवली होती; त्याच्या पुढे, त्याच्या तोंडाकडे तोंड करून, आमची व्हॅन निळा धूर सोडत हळू हळू उतरत होती. मला त्या वेळी किती बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. तो एकेका वळणावर थांबायचा, वाटायचं आता तो बाजूला घेईल, पण रुंद जागा येईतो त्याला मागेच जावं लागलं. मग त्याने बाजूला घेतलं आणि आम्ही पुढे गेलो. शेवटचा चढ गाडीने धापा टाकत, तेलाचा वास सोडत काढला. वाड्यातल्या लोकांना वाटलं, कुठे तरी आग लागली.

अंगणात भटजी घड्याळ बघत उभे. दिराची बायको दारात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. दीर मागून आला, गाडी उभी केली, आणि आईपुढे हात पसरले. “हाड आये, मी घेतंय. तुजे पाय सुन्न झाले असतले.”

पाय सुन्न झाले होतेच. सासूबाईंना उठताच येत नव्हतं. त्यांनी मुलाच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तू घे,” त्या मला म्हणाल्या.

मी थबकले. विधवा बाईने गणपती उंबऱ्याच्या आत न्यावा, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी गाडी चालवायची म्हटलं होतं, उंबरा ओलांडायचं नव्हतं म्हटलं. एवढ्या लांबचा माझा हट्ट नव्हता. भटजींनी पुन्हा घड्याळ बघितलं.

“घे गे. माझे हात दुखतत.”

मी पाट उचलला. जड होता. तीन घरच्या पेट्रोलवर आणि एका घरच्या नरसाळ्यावर आलेला, सोंड झाकलेला आमचा गणपती. मी उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले, अनवाणी, पायांवर सड्याचा लाल चिखल आणि पेट्रोलचे डाग. दिराची बायको तांब्या घेऊन पुढे आली आणि थांबली, नवऱ्याकडे बघत. माझ्या पायांवर पाणी घालायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. तिचा दोष नव्हता. ते ठरवणारं माणूस अजून गाडीच्या दाराला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होतं.

सासूबाई दाराला धरून, मग भिंतीला धरून, हळू हळू आल्या. धाकट्या सुनेच्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला. माझ्यासमोर वाकल्या. ज्या बाईच्या पायांवर मी लग्न झाल्यापासून डोकं ठेवत आले, ती बाई वाकली आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागली, आधी उजव्या, मग डाव्या. चिखल धुऊन जाईपर्यंत तांब्या तिरपा धरून राहिल्या. पेट्रोलचा वास मात्र जाईना. त्यांनी नाक मुरडलं, भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, आणि उठता उठता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या,

“पुढल्या वर्सा कॅन गाडयेतच ठेव.”